एका बडतर्फ अंमलदाराची धम्मसेवा

गॉल हे श्रीलंकेच्या दक्षिण टोकाकडचं जुनं बंदर. तिथल्या कोर्टात १८६० च्या दशकात एक खटला उभा राहिला. वाद बौद्ध विहाराचा होता, म्हणजे मुद्दा धार्मिक कायद्याचा होता. पुराव्यादाखल एक लेख पुढे आला आणि सगळं कोर्ट अडलं, कारण त्याची भाषा तिथं कुणालाच उलगडेना. खुर्चीवर बसलेला मॅजिस्ट्रेट विशीतला इंग्रज तरुण होता. त्याला संस्कृत चांगलं येत होतं, सिंहलीही तो शिकत होता. पण हे दोन्हीपैकी काहीच नव्हतं. चौकशी करता कळलं की ही पाली, बुद्धाची वचनं ज्या भाषेत जपली गेली ती भाषा. त्या मॅजिस्ट्रेटच्या ज्ञानमार्गाची सुरुवात या लेखापासून झाली, अशी हकिकत सांगितली जाते.

मॅजिस्ट्रेटचं नाव टॉमस विल्यम ऱ्हिस डेव्हिड्स. पालीच्या अभ्यासकाला हे नाव पहिल्या आठवड्यातच भेटतं, कारण शब्द अडला की जो कोश उघडायचा त्यावर ते छापलेलं असतं. लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीचे ते संस्थापक, दीघनिकायाचे इंग्रजी भाषांतरकार, ‘बुद्धिस्ट इंडिया’चे लेखक. एवढी ओळख बहुतेकांना असते. ज्या सिलोनने त्यांना पाली दिली, त्याच सिलोनमधून हा माणूस सरकारी नोकरीतून बडतर्फ होऊन परतला होता, हे मात्र फारसं बोललं जात नाही. माझ्या मते ही गोष्ट बाजूला ठेवली तर त्यांचं आयुष्य निम्मंच कळतं.

पाद्र्याच्या घरातला मुलगा

ऱ्हिस डेव्हिड्स यांचा जन्म १२ मे १८४३ चा, इंग्लंडच्या पूर्वेकडील कोल्चेस्टर गावचा. वडील मूळचे वेल्सकडचे आणि काँग्रिगेशनल पंथाचे पाद्री. या पंथात बिशप नसतो, तरी लोक त्यांना प्रेमाने एसेक्सचे बिशप म्हणत. आई रविवारची शाळा चालवायची. घरात पुस्तकं भरपूर, पैसा बेताचा. मुलाने सिव्हिल सर्व्हिसमध्ये जायचं ठरवलं आणि त्यासाठी एक वेगळी वाट धरली. तो तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ विद्यापीठात गेला. हे शहर आज पोलंडमध्ये आहे आणि त्याला व्रोत्स्वाफ म्हणतात. तिथं स्टेन्झलर नावाचे संस्कृतचे नामांकित पंडित शिकवत. त्यांच्या हाताखाली डेव्हिड्स संस्कृत शिकला आणि इंग्रजीच्या शिकवण्या करून पोट भरलं. त्या काळी हिंदुस्थानवर राज्य इंग्रजांचं होतं, पण संस्कृत शिकायचं तर इंग्रजाला जर्मनी गाठावी लागे. ही बोच त्यांना जन्मभर लागून राहिली.

परीक्षा पास होऊन १८६४ साली ते सिलोनच्या सिव्हिल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. गॉलच्या त्या खटल्यानंतर त्यांनी पालीचे गुरू शोधले, ते यात्रामुल्ले उन्नान्से नावाचे भिक्षू. उन्नान्से हा तिकडे भिक्षूला आदराने लावायचा शब्द. हे भिक्षू असाध्य आजाराने खंगलेले होते, मृत्यू फार दूर नव्हता. तरी ते या परधर्मी, परदेशी अंमलदाराला शिकवत राहिले. धडा व्याकरणाचा सुरू व्हायचा आणि हा हा म्हणता धम्माकडे वळायचा. पुढे कितीतरी वर्षांनी लंडनच्या सभागृहात बोलताना ऱ्हिस डेव्हिड्स यांना आपल्या गुरूचे खोल गेलेले डोळे आणि त्यांतलं तेज आठवत होतं. आपण पाहिलेल्या माणसांत हा माणूस फार वरचा होता, असं ते मोकळेपणाने सांगत.

याच भिक्षूंपाशी आणखी एक इंग्रज अंमलदार शिकून गेला होता, रॉबर्ट चिल्डर्स. त्याने १८७२ ते १८७५ या काळात पालीचा पहिला मोठा कोश इंग्रजीत काढला आणि १८७६ मध्ये, चाळिशीही न गाठता, तो वारला. युरोपातली पालीची बरीचशी विद्या या एका आजारी गुरूच्या पडवीतून निघाली, असं म्हणायला हरकत नाही. म्हणूनच पाश्चात्यांनी बौद्ध ग्रंथ ‘शोधून काढले’ हे वाक्य मला खटकतं. ग्रंथ हरवलेच नव्हते. परंपरा सांगते की ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात सिलोनमधल्या अलुविहारात ते प्रथम लिहून काढले गेले. आणि ताडपत्र किडीने खाल्लं की नवं लिहायचं, असं करत भिक्षूंनी ते दोन हजार वर्षं सांभाळले. ऱ्हिस डेव्हिड्स यांना याची जाण होती.

अनुराधपूर आणि चौकशी

१८७१ साली त्यांची बदली नुवरकलाविया भागात झाली. मुख्य ठाणं अनुराधपूर. एके काळची ही सिंहली राजांची राजधानी दहाव्या शतकाच्या अखेरीस चोळांच्या स्वारीनंतर ओस पडली. जंगल माजलं, तलाव फुटले, ताप ठाण मांडून बसला. सरकारने १८६८ मध्ये जुन्या अवशेषांसाठी एक आयोग नेमला होता, त्यामुळे तिथं झाडं तोडून स्तूप मोकळे करण्याचं काम चालू होतं. तरुण अंमलदार त्यात रमला. शिलालेखांचे ठसे घे, हस्तलिखितं मिळव, गावकऱ्यांशी त्यांच्या बोलीत बोल, रात्री निबंध लिही. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या सिलोन शाखेसाठी त्याने याच काळात लेख लिहिले.

आणि नोकरी घसरली. त्या भागाचे वरिष्ठ अधिकारी ट्वायनम जाफन्यात बसत. त्यांच्याशी ऱ्हिस डेव्हिड्स यांचं पटलं नाही. रीतसर चौकशी झाली. बारीकसारीक बेशिस्तीच्या नोंदी निघाल्या, आणि मुख्य आरोप दंडाचा होता. गावकऱ्यांकडून आणि हाताखालच्या नोकरांकडून त्यांनी गैररीतीने दंड वसूल केल्याच्या तक्रारी होत्या. निकाल विरुद्ध गेला. तिशीही न गाठलेला अंमलदार बडतर्फ झाला.

मी बँकेत नोकरी करून निवृत्त झाले. खातेनिहाय चौकशा दुरून पाहिल्या आहेत, एक-दोन जवळूनही. अशा फायलीत वरिष्ठाचा आकस आणि कनिष्ठाची चूक दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात, हे तिथं कळतं. म्हणून ट्वायनम यांना खलपुरुष करून ऱ्हिस डेव्हिड्स यांना सोडवून न्यावं, असं मला वाटत नाही. तापाच्या जंगलातल्या गरीब गावकऱ्याला साहेबाने लावलेला दंड म्हणजे घरातला घास. विद्वत्तेची थोरवी सांगताना त्या माणसाला विसरणं बरं नव्हे. परंतु अशा निकालानंतर माणसाचं काय होतं, हेही मी पाहिलेलं आहे. काही जण घराबाहेर पडेनासे होतात. काही जण उरलेलं आयुष्य अर्ज लिहिण्यात घालवतात. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी तिसराच रस्ता धरला. ज्या गोष्टीपायी कदाचित कामाकडे दुर्लक्ष झालं असेल, तीच गोष्ट त्यांनी आयुष्याचं काम म्हणून उचलली.

लंडनमधले दिवस

इंग्लंडला परतल्यावर ते कायदा शिकले, १८७७ मध्ये बॅरिस्टर झाले. वकिली नावापुरतीच केली. मन पोलोन्नरुवाच्या शिलालेखांत होतं. पराक्रमबाहू राजाच्या लेखांवर त्यांनी १८७४ पासूनच लिहायला सुरुवात केली होती. सिलोनच्या जुन्या नाण्यांवर आणि मापांवर एक पुस्तिका आली. मग १८७७-७८ मध्ये बुद्धाचं चरित्र आणि शिकवण सांगणारं छोटं पुस्तक निघालं. गंमत म्हणजे ते छापलं ख्रिस्ती धर्मज्ञानाचा प्रसार करणाऱ्या एका संस्थेने. पाद्र्याच्या मुलाने त्यात बुद्धाची बाजू इतक्या समजुतीने मांडली की पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत गेल्या.

१८८० मध्ये त्यांनी जातककथांचं भाषांतर केलं. सिंहाचं कातडं पांघरणारं गाढव आपल्याला पंचतंत्रातून ठाऊक आहे, युरोपातल्या मुलांना ते इसापाकडून. या गोष्टी देशोदेशी कशा हिंडल्या, हे प्रस्तावनेत त्यांनी उलगडून दाखवलं. त्यातच एक नवल सांगितलं. राजवाडा सोडून गेलेल्या राजपुत्राची कथा अरबी आणि ग्रीक अशा भाषांतून फिरत युरोपात पोहोचली. बोधिसत्त्व या शब्दाचा अपभ्रंश होत होत जोसाफाट झाला, आणि या नावाचा संत ख्रिस्ती चर्चच्या संतमालिकेत जाऊन बसला. म्हणजे शतकानुशतकं ख्रिस्ती भाविक नकळत गौतमाचंच स्मरण करत होते.

मॅक्स म्युलर यांनी पूर्वेकडच्या पवित्र ग्रंथांची जी प्रचंड माला काढली, तिच्यात ऱ्हिस डेव्हिड्स यांना मोठं काम मिळालं. १८८१ मध्ये महापरिनिब्बान सुत्तासह निवडक सुत्तांचा खंड आला. त्यानंतर जर्मन पंडित हर्मान ओल्डेनबर्ग यांच्यासह विनयपिटकाचे तीन खंड, आणि पुढे मिलिंदपञ्हाचे दोन खंड. ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांची ती प्रश्नोत्तरं त्यांच्या खास आवडीची होती.

विनयाच्या भाषांतरापाशी मी दरवेळी थबकते. विनय म्हणजे भिक्षुसंघाचे शिस्तीचे नियम. बँकेच्या भाषेत सांगायचं तर सेवानियम आणि चौकशीची कार्यपद्धती. एखाद्यावर आरोप आला तर तो त्याच्या समक्ष चालवायचा, पाठीमागे निकाल द्यायचा नाही. वाद मिटवण्याच्या सात पद्धती सांगितल्या आहेत. आरोप करणाऱ्याने आधी स्वतःला तपासायचं: आपलं वर्तन शुद्ध आहे का, वेळ योग्य आहे का, बोलणं खरं आणि सौम्य आहे का, मनात समोरच्याचं हित आहे की द्वेष. दोष सिद्ध झाला तर प्रायश्चित्त आहे, काही दिवस खालच्या जागी बसणं आहे. आणि मग परतीची वाटही आहे. ठरलेला काळ नीट पार पडला की किमान वीस भिक्षूंच्या संघासमोर त्या माणसाला पुन्हा सन्मानाने आत घेतलं जातं. या विधीला अब्भान म्हणतात. काही मोजके अपराध सोडले तर संघाचं दार कायमचं बंद होत नाही.

चौकशीत दोषी ठरून दहा-बारा वर्षं झालेला माणूस लंडनमध्ये बसून या नियमांचा एकेक शब्द इंग्रजीत आणत होता. त्या वेळी त्यांच्या मनात काय चाललं असेल, हा कादंबरीकाराचा प्रश्न आहे, चरित्रकाराचा नाही. म्हणून मी तो विचारून सोडून देते.

एक गिनी वर्गणी

१८८१ साली त्यांना लंडनमध्ये हिबर्ट व्याख्यानं देण्याचा मान मिळाला. त्या व्याख्यानांतच त्यांनी पाली टेक्स्ट सोसायटीची घोषणा केली. अडचण अशी होती की पालीला स्वतःची लिपी नाही. सिलोनात ती सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या लिपीत, सयामात आणखी तिसऱ्याच लिपीत. पोथ्या विहारांत आणि ग्रंथालयांत विखुरलेल्या. एक ग्रंथ धड वाचायचा तर तीन लिप्या शिकायच्या आणि चार ठिकाणची ताडपत्रं ताडून पाहायची. ऱ्हिस डेव्हिड्स यांचा बेत सरळ होता. पाठभेद तपासून सगळे ग्रंथ रोमन लिपीत छापायचे, म्हणजे लंडन, कोपनहेगन, कलकत्ता आणि तोक्यो इथल्या अभ्यासकांसमोर एकच पान येईल.

पैसा कुठून यायचा? सरकार देणार नव्हतं. वर्षाला एक गिनी वर्गणी ठरली. संपादकांना मानधन नव्हतं. डेन्मार्कचे फाउसबोल आणि ट्रेंकनर, फ्रान्सचे फेर, जर्मनीचे हार्डी, इंग्लंडचे शाळामास्तर रिचर्ड मॉरिस अशी माणसं आपापली पोटापाण्याची कामं सांभाळून पोथ्या जुळवत बसली.

आणि पहिल्या वर्गणीदारांत मोठा भाग सिलोनच्या भिक्षूंचा होता. गॉलचे मुदलियार गुणरत्ने यांनी तिथली बाजू सांभाळली. हे दृश्य मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्या बेटावर या माणसाने गैररीतीने पैसे वसूल केल्याचा ठपका बसला, त्याच बेटावरून दहा वर्षांच्या आत लोक त्याला आगाऊ पैसे पाठवत होते, तेही अजून न छापलेल्या पुस्तकांसाठी. भिक्षूला सोन्याचांदीला हात लावायची बंदी असते. म्हणजे त्यांच्या नावाची गिनी कुठल्या तरी उपासकाच्या गाठीची असणार. बँकवाल्यांच्या लेखी पत म्हणतात ती हीच. ती माणसाने माणसावर टाकलेल्या विश्वासाने तयार होते आणि रोजच्या व्यवहाराने टिकते. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी चाळीस वर्षांहून अधिक काळ त्या संस्थेचा कारभार पाहिला. त्यांच्या निधनापर्यंत ६४ ग्रंथ ९४ खंडांत, सुमारे २६,००० पानांत छापून झाले होते.

त्यांची स्वतःची मिळकत मात्र बेताचीच राहिली. १८८२ मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात पालीचे प्राध्यापक झाले खरे, पण या पदाला ठरावीक पगार नव्हता. विद्यार्थी जी फी देतील तीच प्राप्ती, आणि पालीला विद्यार्थी किती येणार? रॉयल एशियाटिक सोसायटीचं चिटणीसपद आणि ग्रंथपालपद यांवर १९०४ पर्यंत घर चाललं. त्यानंतर मँचेस्टरला तौलनिक धर्माभ्यासाचं अध्यासन मिळालं, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती.

त्यांच्यापाशी पाली शिकलेला एक विद्यार्थी ब्रिटिश अर्थखात्यातला अधिकारी होता, रॉबर्ट चाल्मर्स. त्याने मज्झिमनिकायाचं संपादन केलं. हाच चाल्मर्स १९१३ मध्ये सिलोनचा गव्हर्नर होऊन गेला. गुरू जिथून बडतर्फ झाला, तिथं शिष्य सर्वोच्च खुर्चीत बसला. मात्र १९१५ च्या दंगली आणि त्यानंतरचा लष्करी कायदा यांनी त्याची कारकीर्द काळवंडली. पालीचं ज्ञान असलं म्हणजे राज्यकारभारात करुणा येतेच असं नाही.

कॅरोलिन आणि आर्थर

१८९४ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, ऱ्हिस डेव्हिड्स यांनी कॅरोलिन फोली यांच्याशी लग्न केलं. त्या मानसशास्त्राच्या आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनी. भारतीय विचार समजून घ्यायला म्हणून त्या त्यांच्याकडे आल्या आणि पालीच्याच झाल्या. लग्नानंतर लगेच अमेरिकेचा व्याख्यानदौरा झाला. कॅरोलिन यांनी १९०० मध्ये अभिधम्मातल्या धम्मसंगणीचं भाषांतर केलं, १९०९ मध्ये थेरीगाथेचं. प्राचीन भिक्षुणींची ती गीतं इंग्रजीत आणणारी स्त्री तीन मुलांची आई होती, हे लक्षात ठेवायला हवं.

दीघनिकायाचं भाषांतर ‘डायलॉग्ज ऑफ द बुद्ध’ या नावाने तीन खंडांत आलं. पहिला खंड १८९९ चा, ऱ्हिस डेव्हिड्स यांचा एकट्याचा. ही ग्रंथमाला सयामचे राजे चुलालोंगकोर्ण यांच्या आश्रयाने निघत होती. दुसरा खंड १९१० चा, पती-पत्नी दोघांचा. त्यात महापरिनिब्बान सुत्त पुन्हा आहे. तीस वर्षांपूर्वी छापलेलं आपलंच भाषांतर त्यांनी परत हातात घेतलं होतं. प्रत्येक सुत्ताआधी ते एक प्रस्तावना लिहीत. समोरच्या ब्राह्मणाला बुद्ध त्याच्याच शब्दांत कसे उत्तर देतात, शब्द तेच ठेवून अर्थ कसा बदलतात, हे त्यांनी वाचकाला शिकवलं. यज्ञाबद्दल विचारायला आलेल्या कूटदन्ताला बुद्ध पशुहत्येऐवजी प्रजेला बियाणं आणि धंद्याला भांडवल देणाऱ्या राजाची कथा ऐकवतात. त्यातला मिश्किलपणा इंग्रज वाचकाला त्यांच्यामुळे उमगला.

तिसरा खंड यायला १९२१ उजाडलं. मधल्या वर्षांत युद्ध येऊन गेलं होतं. मुलगा आर्थर ईटनमध्ये शिकलेला, ग्रीक-लॅटिनमध्ये हुशार, ऑक्सफर्डची शिष्यवृत्ती मिळवलेला. तो विमानदलात गेला. २३ सप्टेंबर १९१७ रोजी वेर्नर फॉस नावाचा गाजलेला जर्मन वैमानिक एकटा अनेक इंग्रज विमानांशी लढला. शेवटी त्याला पाडणारा आर्थर होता. त्या शूर शत्रूला जिवंत खाली उतरवता आलं असतं तर बरं झालं असतं, अशी खंत त्याने बोलून दाखवल्याचं सांगतात. महिनाभरात, २७ ऑक्टोबरला, तोही आकाशात मारला गेला. वय वर्षं वीस. त्याची कबर कुठं आहे हे कळलेलं नाही. फ्रान्समध्ये आरासच्या स्मारकावर फक्त नाव आहे.

थेरीगाथेत किसा गोतमी आहे. मेलेलं मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणारी, आणि ज्या घरात कुणी मेलं नाही अशा घरातून मोहरी आण, असं जिला बुद्धांनी सांगितलं, ती. तिची गाथा कॅरोलिन यांनी आठ वर्षांपूर्वी भाषांतरित केली होती. पण ग्रंथातला उपदेश आणि रिकामी खोली यांत अंतर असतंच. मुलाच्या मृत्यूनंतर कॅरोलिन परलोकविद्येकडे वळल्या, आर्थरशी संपर्क होतो असं त्यांना वाटू लागलं. पुढे पुढे बुद्धाच्या शिकवणीचा त्यांनी लावलेला अर्थही बदलत गेला आणि अनेक विद्वानांना तो पटला नाही. मी यावर त्यांना दोष देऊ शकत नाही. म्हातारे वडील मात्र शब्दकोशात बुडून राहिले.

कोश

चिल्डर्स यांच्या कोशाच्या प्रतीत कोरी पानं बांधून ऱ्हिस डेव्हिड्स नवे शब्द टिपत आले होते. मोठा कोश सगळ्या देशांच्या विद्वानांनी मिळून करावा, असं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ठरलं. पैसे जमेनात, मग महायुद्धाने इंग्रज आणि जर्मन विद्वानांना शत्रू करून टाकलं. शेवटी सत्तरी ओलांडलेल्या ऱ्हिस डेव्हिड्स यांनी मूळच्या जर्मन असलेल्या विल्यम स्टेडे यांना बरोबर घेतलं. ज्या देशाशी लढताना मुलगा गेला, त्याच देशातल्या माणसाबरोबर बाप शब्दांचे अर्थ लावत बसला. १९२१ पासून कोशाचे भाग निघू लागले. २७ डिसेंबर १९२२ रोजी सरे परगण्यातल्या चिप्स्टेड इथं ऱ्हिस डेव्हिड्स वारले. स्टेडे यांनी १९२५ मध्ये काम तडीस नेलं. सोसायटीची धुरा कॅरोलिन यांनी १९४२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत वाहिली.

आज त्यांच्या कामातल्या उणिवा दिसतात. पाली ग्रंथ तेवढे अस्सल आणि महायान म्हणजे नंतरची पडझड, असा त्यांचा कल होता. बुद्ध त्यांना तर्कशुद्ध, शांत, जवळजवळ इंग्रज सद्गृहस्थासारखे दिसत. चमत्कार आणि देवदेवता ते हलकेच बाजूला सारत. साम्राज्य टिकवायचं तर त्याच्या भाषा शिका, असा युक्तिवादही त्यांनी सरकारपुढे केला. त्यांचा ‘बुद्धिस्ट इंडिया’ हा १९०३ चा ग्रंथ मात्र आजही वाचावासा वाटतो. तोवरचा इतिहास ब्राह्मणी ग्रंथांच्या नजरेने लिहिला जात होता. यांनी गाव, कारागिरांच्या श्रेणी, व्यापारी तांडे, शाक्य-लिच्छवींची गणराज्यं यांच्याकडे बोट दाखवलं.

आपल्याकडेही हा प्रवाह निरनिराळ्या वाटांनी पोहोचला. गोव्याच्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी १९०२ मध्ये सिलोनला गेले ते कुठल्या कोशाच्या आधाराने नव्हे, तर कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांपाशी, थेट भिक्षूंच्या पायाशी बसून शिकायला. तीच मूळ गंगोत्री. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली; पु. वि. बापटांसारखे विद्वान तिथं घडले. चिं. वै. राजवाडे यांनी दीघनिकाय मराठीत आणला. मुंबई विद्यापीठाने ना. के. भागवतांकडून पाली ग्रंथ देवनागरीत छापून घेतले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने ज्या भाषांना अभिजात दर्जा दिला, त्यांत मराठी आणि पाली एकाच यादीत होत्या. नातं जवळचंच आहे. पालीत हाताला हत्थ म्हणतात, सापाला सप्प, आजला अज्ज, आगीला अग्गि, आणि घराला घरच म्हणतात.

कोशाच्या सुरुवातीला ऱ्हिस डेव्हिड्स यांनी हे काम तात्पुरतं असल्याचं बजावून ठेवलं होतं. परिपूर्ण कोशाची वाट पाहत बसलो तर आयुष्य संपेल, म्हणून आहे ते देतो, असा त्यांचा हिशेब. त्यानंतर मार्गारेट कोन यांचा नवा, अधिक काटेकोर कोश २००१ पासून खंडाखंडाने निघू लागला. २०२० मध्ये त्याचा तिसरा खंड आला, आणि त्यात भ अक्षरापर्यंतचे शब्द आहेत. म अक्षरापासून पुढचा शब्द अडला, मैत्रीसाठीचा मेत्ता म्हणा की संघ म्हणा, तर विद्यार्थी शंभर वर्षांपूर्वीचं ते तात्पुरतं पुस्तकच उघडतो.